तीन बटाटे आणि चांदीची अडणी

पोलीस ठाणे बॅलीकेल, टिपररी परगणा
शुक्रवार, दुपारी
जबाब देणार: श्रीमती जोसेफिन क्वर्क, वय ७४ वर्षे, धंदा कोंबड्या पाळणे व अंडी विकणे, राहणार कूलनाहीन, बॅलीकेल

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी लग्न होऊन आल्यापासून राहते. नवरा मयत आहे. मुलगा पर्थला असतो. धंद्याच्या रकान्यात सार्जंट लोनर्गन यांनी आधी ‘गृहिणी’ लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मला कुणी बोलावलेलं नाही, मी आपल्या पायांनी आले आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. उलट दुकानाच्या कोपऱ्यावर पॅडी फोगार्टीने मला ठाण्याकडे वळताना पाहिलं आणि तो म्हणाला, जोसी, मुकाट घरी जा. तेही लिहून घ्यावं.

मला टेबलावरची चांदीची वस्तू दाखवण्यात आली. ती मी ओळखते. ती अडणी आहे. चुंबळीसारखी गोल, वर-खाली उघडी, मधे कमरेशी जरा आवळलेली, वीतभरापेक्षा थोडी कमी उंच. जाळीकाम आहे. जाळीत एक गाय, एक कुत्रा, बादली घेतलेली बाई, दोन पक्षी आणि एक झोपडी आहे. गाईचं एक शिंग मोडलेलं आहे. तिच्यावर गरम बटाट्यांचा वाडगा ठेवतात, म्हणजे टेबलाला चटका बसत नाही. आतल्या बाजूला मुकुटवाल्या वीणेचा आणि बसलेल्या बाईचा शिक्का आहे, तो डब्लिनचा म्हणतात. मी काही सोनार नाही. मी ती पन्नास वर्षं पाहत आले आहे, एवढंच सांगू शकते.

सदर अडणी पोलिसांना बुधवारी मारिसेल दुमलाव हिच्या स्वयंपाकघरात टॉवेलात गुंडाळलेली मिळाली, असं मला सांगण्यात आलं. मारिसेल आमच्या गावातच जुन्या मास्तरांच्या घरात राहते. मूळची फिलिपिन्सची. नवरा रॉडेल डेअरीत कामाला आहे. ती म्हाताऱ्यांची सेवा करायला घरोघर जाते. हॅना हेनेबरी गेल्या आठवड्यात वारली, तिचं दोन वर्षं सगळं हिनेच केलं. सगळं म्हणजे काय ते इथे फोड करून सांगत नाही, ज्यांनी केलंय त्यांना कळेल. हॅनाचा पुतण्या कॉर्मॅक हेनेबरी याला कळायचं नाही. तो डब्लिनहून नाताळला आणि ईस्टरला यायचा आणि गाडीचं इंजिन चालू ठेवून यायचा. फिर्याद त्याची आहे. त्याचं म्हणणं, घरातलं सगळं मृत्युपत्राने त्याचं, अडणीही त्याची, आणि काकूच्या दफनाला सगळा गाव गेलेला असताना नोकराणीने घर फोडलं.

घर फोडलं हा शब्द खोटा आहे. मागचं दार उघडं होतं. हॅनाचं मागचं दार कधीच लावलेलं नसायचं. दफन असलं की घरात एखादी शेजारीण थांबते, सँडविच करते. या वेळी पुतण्याने हॉटेलात जेवण ठेवलं, आमच्या सँडविचची त्याला लाज वाटली असावी. म्हणून घर रिकामं होतं.

विचारल्यावरून सांगते की, होय, मारिसेल दफनाच्या मिस्सेला, म्हणजे फादरांच्या प्रार्थनेला, चर्चमध्ये नव्हती. हे सगळ्या गावाने पाहिलं. ती का नव्हती हे मला माहीत आहे, आणि गावातल्या बऱ्याच बायकांना माहीत आहे. बुधवारपासून आम्ही सगळ्या मूग गिळून बसलो आहोत. पलीकडच्या खोलीत ती बसली आहे. मधली भिंत पातळ आहे. मी बोलतेय तेवढ्यात तिच्या खुर्चीचा आवाज दोनदा आला. चार वाजता जिल्ह्याच्या ठाण्यातून गाडी येणार आहे आणि तिला चोरीच्या आरोपाखाली नेणार आहेत, असं रॉडेलने मला सकाळी सांगितलं. तो माझ्या दारात उभा होता, आत या म्हटलं तर आला नाही. आरोप लागला की पोलिसांचा स्वच्छ दाखला जातो. दाखला गेला की म्हाताऱ्यांची सेवा करता येत नाही. नोकरी गेली की राहण्याचा परवाना धोक्यात. तिची अकरा वर्षांची पोरगी तिकडे आजीपाशी आहे. नाताळात इथे यायची आहे. तिच्या खोलीला मारिसेलने पिवळा रंग लावला, तो मीच निवडून दिला.

म्हणून मी आले आहे. आता जे सांगते ते आमच्या गावातून पोलिसांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. आमच्याकडे चोराशी लोक बोलतात, खबऱ्याशी बोलत नाहीत. उद्यापासून माझी अंडी कोण घेतं ते बघायचं.

आमच्याकडे एप्रिलात एका घरी आणि ऑक्टोबरात एका घरी फादर येऊन मिस्सा करतात. घरं ठरलेली आहेत, आळीपाळीने नंबर येतो. नंबर आला की घराला रंग काढायचा, फाटक दुरुस्त करायचं, नवऱ्याशी भांडायचं, खुर्च्या उसन्या आणायच्या. मिस्सा झाली की फादरांना आणि शेजाऱ्यांना जेवण. टेबलाच्या मधोमध सालासकट उकडलेल्या बटाट्यांचा वाडगा, आणि वाडग्याखाली ही अडणी. पहिला बटाटा फादरांनी उचलायचा. हल्लीच्या फादरांना साखरेचा आजार आहे, तरी ते उचलतात आणि अर्धा ताटाखाली लपवतात. अडणी कुठून आली हे आजवर एकाही फादरांनी विचारलं नाही.

ती कुठून आली हे सार्जंट लोनर्गन यांनी विचारलं. सांगते. टेकडीवर जमीनदारांचा वाडा होता, तो एकोणीसशे एकवीस साली जळला. कुणी जाळला मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं. आत माणूस कुणी नव्हतं. आग विझल्यावर अडणी गवतात पडलेली होती, असं माझ्या सासूबाई सांगत. गवतात कशी पडली हे त्यांनी सांगितलं नाही. मग इंग्रज सैनिक आले, घरोघरी झडती झाली, बायबलवर हात ठेवून एकेका बाईला विचारलं. आणि एकीलाही खोटी शपथ घ्यावी लागली नाही. कारण त्या बायकांनी आधीच ठरवून टाकलं होतं की ही वस्तू कुणी कुणाच्या हातात द्यायची नाही. जिच्या घरी मिस्सेचा नंबर, तिने आधीच्या नंबरच्या घरी जायचं, घरात कुणी नसताना. अडणी उचलायची. त्या जागी आपल्या रानातले तीन बटाटे ठेवायचे, म्हणजे घरवालीला कळतं की ती पुढे गेली, चोरीला गेलेली नाही. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, निरोप द्यायचा नाही. पोलिसांनी विचारलं तर दोनच वाक्यं. मला ती कुणी दिली नाही. मी ती कुणाला दिली नाही.

शंभर वर्षांत ती विकायचा विचार कुणाच्या मनात आला नसेल असं मी म्हणणार नाही. पण जी वस्तू आपल्याला कुणी दिलेलीच नाही ती आपली म्हणून विकणार कशी? म्हणून ती टिकली.

एप्रिलात हॅनाकडे मिस्सा होती, म्हणून अडणी हॅनाकडे होती. फक्त म्हणून. कॉर्मॅकच्या बापाची नव्हे, काकाची नव्हे. या ऑक्टोबरात नंबर मास्तरांच्या घराचा आहे. मिस्सा उद्या संध्याकाळी आहे. मारिसेलच्या घराचा हा पहिलाच नंबर. आपल्याला वगळतील अशी तिला भीती होती. फादरांनी चर्चमध्ये नाव वाचलं तेव्हा तिने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

मी तिला बटाट्यांचं समजावून सांगितलं. तिने पहिल्यांदा विचारलं, तिता, मी हॅनालाच विचारून घेऊ का, ती काही नाही म्हणायची नाही. तिता म्हणजे तिच्या बोलीत मावशी. मी म्हटलं, विचारायचंच नसतं ग. ती हसायला लागली. म्हणाली, तुमच्याकडे मीठ मागायला अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा, आणि चांदी मात्र न विचारता उचलायची. हॅना तेव्हा होती. दोन आठवड्यांत गेली.

हॅनाच्या मयताला आम्ही तिच्या घरी बसलो होतो. जपमाळ झाली, चहा फिरत होता. कॉर्मॅक हेनेबरी याने फडताळावरची अडणी उचलली, उलटी केली, मोबाइलचा दिवा लावून शिक्का पाहिला आणि फोटो काढले. शेजारच्या खोलीत काकू पेटीत होती. तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, शिंग मोडलंय पण बाकी उत्तम आहे. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझ्या हातात कपबशा होत्या. त्या मी खाली ठेवल्या आणि मारिसेलला परसात नेलं.

पुढचं नीट लिहावं, कारण जे घडलं ते माझ्यामुळे घडलं. मी तिला म्हटलं की उद्या दफनाच्या वेळी घर रिकामं असेल, तेव्हाच जा, संध्याकाळी हा कुलूप घालून जाईल. ती रडायला लागली. चोरी वाटते म्हणून नाही.

ती म्हणाली, "तिता, मी हॅनाला शेवटचं पोचवायलासुद्धा येऊ नको?"

मी म्हटलं, "हॅनाचं तू दोन वर्षं बघितलंस. आता तिची अडणी बघ."

असं मी म्हटलं. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. आणि वर तिला बजावलं की कुणीही विचारलं, अगदी पोलिसांनी, तरी तीच दोन वाक्यं, बाकी तोंडातून अक्षर नाही, आणि आमचं कुणाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या काळे कपडे घालून पहिल्या बाकावर बसलो. जिने हॅनाला न्हाऊमाखू घातलं ती तेवढी नव्हती.

मला मारिसेलचा बुधवारचा जबाब वाचून दाखवण्यात आला. त्यात अडणी कुठून आली या प्रश्नाला तिचं उत्तर आहे, मला ती कुणी दिली नाही. दुसरं उत्तर आहे, मी ती कुणाला दिली नाही. तिसरं उत्तर नाहीच. पुढे प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलंय, जबाब देणार गप्प राहिली. कॉर्मॅक हेनेबरी याच्या वकिलाने पहिल्या वाक्याखाली रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलंय, कबुली. कुणी दिली नाही म्हणजे चोरली.

मी सांगते, ती कबुली नाही. ते आमचं वाक्य आहे. त्या झडतीनंतर शंभर वर्षांत ते खऱ्या पोलिसापुढे म्हणायची वेळ आमच्यापैकी एकीवरही आली नव्हती. आली ती तिच्यावर, आणि तिने ते जसंच्या तसं म्हटलं. स्वतःची पोरगी पणाला लावून आमच्या शब्दाला जागली. आणि आम्ही इथल्या, इथेच नांदलेल्या, इथेच पुरल्या जाणार, आम्ही तीन दिवस पडद्याआडून रस्ता बघत बसलो. मला स्वतःची शिसारी आली आहे.

विचारल्यावरून सांगते की, होय, याचा अर्थ अडणी जळलेल्या वाड्यातली आहे हे मी कबूल करते. सार्जंट लोनर्गन यांनी मला समजावलं की हे कागदावर आलं की जमीनदारांचे वारस मागू शकतात, सरकार मागू शकतं, म्युझियम मागू शकतं, आणि कूलनाहीनला ती परत दिसणार नाही. मला समजलं. मागू देत. ज्याला हवी त्याने न्यावी. आम्हाला आमची बाई परत द्या.

फिर्यादी कॉर्मॅक हेनेबरी याला बाहेरून आत बोलावण्यात आलं. तो गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत आला. त्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि ही सगळी बनवाबनवी आहे, गावकऱ्यांनी नोकराणीला वाचवायला रचलेली गोष्ट आहे, असं म्हटलं. पुरावा काय, असं विचारलं. मी म्हटलं, फडताळावर अडणीच्या जागी तीन बटाटे होते की नव्हते? तो म्हणाला, होते, चोराने टिंगल केली होती, मी ते कचऱ्याच्या डब्यात टाकले.

माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही. बाकीच्या बायका येऊन सांगतील का? खरं बोलायचं म्हणून बसले आहे तर सांगते, मला खात्री नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

सार्जंट लोनर्गन उठले. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि पोलिसांची एक पारदर्शक पिशवी काढून टेबलावर अडणीशेजारी ठेवली. पिशवीला तारीख, सही आणि क्रमांकाची चिठ्ठी होती. आत तीन बटाटे होते. एकाला चहापत्ती चिकटलेली होती.

कॉर्मॅक हेनेबरी याने विचारलं की कचऱ्यातले बटाटे कोणता पोलीस पुरावा म्हणून जप्त करतो.

मलाही तोच प्रश्न पडला होता. मी सार्जंटकडे नीट पाहिलं. गेल्या वर्षी बदली होऊन आला तेव्हापासून मी त्याला वॉटरफर्डचा, म्हणजे परका, समजत होते. मी विचारलं, फिंटन, तुझी आई कुठली? हा जबाब माझा आहे, त्याचा नाही, म्हणून त्याने उत्तर द्यायचं टाळलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला की आई कूलनाहीनची, पेग डेलाहंटीची धाकटी मुलगी. पेगच्या घरची मिस्सा मला आठवते. टेबलाखाली चार नातवंडं बसली होती आणि जाळीतून बोटं घालत होती. गाईचं शिंग त्याच दिवशी मोडलं. कुणी मोडलं ते पेगने कधी सांगितलं नाही. सार्जंटचे कान लाल झाले ते मी पाहिलं.

म्हणजे त्याला बुधवारीच सगळं कळलं होतं. बटाटे दिसले तेव्हाच. पण आईच्या तोंडून ऐकलेलं तो कागदावर आणणार कसा? गावातल्या कुणीतरी आपल्या पायांनी येऊन सांगायला हवं होतं. तीन दिवस तो वाट बघत होता आणि आम्ही येत नव्हतो. असं तो बोलला नाही. बटाट्यांच्या पिशवीवर बुधवारची तारीख आहे, त्यावरून मी म्हणते.

त्यानंतर सार्जंट लोनर्गन यांनी जिल्ह्याच्या ठाण्याला फोन लावला आणि माझा जबाब साहेबांना वाचून दाखवला. मग सार्जंटने आम्हाला सांगितलं की यात चोरी दिसत नाही, मालकी कुणाची हा वाद आहे, आणि तो कोर्टात जाऊन भांडावा. गाडी येणार नाही. मारिसेल दुमलाव हिच्यावर आरोप नाही, तिच्या दाखल्यावर डाग नाही. जप्त केलेली वस्तू जिच्या ताब्यातून घेतली तिच्या ताब्यात, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. कॉर्मॅक हेनेबरी वकिलाला फोन करत बाहेर गेला. त्याची पत्रं येतील हे मला ठाऊक आहे. जमीनदारांच्या वारसांचीही येतील. कदाचित उद्याची मिस्सा अडणीची शेवटची असेल.

मारिसेलला बाहेर आणलं. मला बघून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "तिता, मी तुमचं कुणाचं नाव घेतलं नाही." मी तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं, ते तीन दिवस चुकीच्या काजात होतं की काय कोण जाणे.

सार्जंट लोनर्गन यांनी तिच्याकडून पोचपावतीवर सही घेतली. मग अडणी उचलून तिला द्यायला हात पुढे केला आणि तिथेच थांबला. मारिसेलने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. त्याने अडणी परत टेबलावर ठेवली. तो म्हणाला, मिसेस क्वर्क, मी चहा टाकतो, तुम्ही किटलीपाशी या, मला इथलं दूध कुठे ठेवतात ते सापडत नाही. एक वर्ष या ठाण्यात आहे आणि दूध सापडत नाही म्हणे. मी त्याच्याबरोबर मागच्या खोलीत गेले. दूध खिडकीत होतं. चहा आम्ही उभ्यानेच प्यायलो, पावसावर बोललो.

आम्ही परत आलो तेव्हा समोरच्या खोलीत कुणी नव्हतं, रस्त्याकडचं दार उघडं होतं आणि टेबलावर अडणी नव्हती. बटाट्यांची पिशवी होती तिथेच होती. सार्जंट लोनर्गन यांनी पुन्हा लेखणी हातात घेतली आणि अडणीबाबत मला आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारलं.

विचारल्यावरून सांगते की, मला ती कुणी दिली नाही. मी ती कुणाला दिली नाही.

हा जबाब सार्जंट फिंटन लोनर्गन यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि मला सावकाश वाचून दाखवला. गाईच्या शिंगाची ओळ वाचताना ते थांबले, ती गाळू का असं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. बाकी सगळं मी बोलले तसंच आहे आणि खरं आहे. गावात कुणाला ऐकायचं असेल तर खुशाल वाचून दाखवावं.

सही: जोसी क्वर्क
समक्ष: सार्जंट फि. लोनर्गन